लांबलेली जेवणाची सुट्टी

डिझेलच्या धुराचा वास आला की मला परळची ती दुपार आठवते. प्रयोगशाळेत एका क्वांटम डॉटवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, अर्धसंवाहकाच्या कणावर, यंत्राची सुई धरून त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या पायऱ्या मोजायच्या होत्या. यंत्र थंड ठेवणारं हेलियम संध्याकाळपर्यंतच पुरणार होतं, पुढचं कधी येईल कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि माझा प्रबंध तेवढ्यावर अडला होता. शेजारी बंद पडलेल्या गिरणीच्या जागेवर डिझेलच्या मशीनने टॉवरच्या पायाचे खांब जमिनीत ठोकत होते. प्रत्येक ठोक्याला सुई कणावरून घसरायची. शेवटी मी एप्रन न काढताच तिथल्या मुकादमाकडे गेले आणि अडचण सांगितली. "केवढा आहे तुमचा कण?" त्याने विचारलं. "दिसत नाही," मी म्हटलं. "अहो ताई, जो दिसतच नाही त्याला आमचा कसला त्रास?" सगळे कामगार हसले. मीही हसले, पण जागची हलले नाही. "बरं, जा. आज जेवणाची सुट्टी जरा लांबवतो. इंजिनीअरला सांगू, मशीन तापलंय." धडधड थांबली, सुई स्थिरावली, आणि पडद्यावर एकामागून एक स्वच्छ पायऱ्या उमटल्या. आता विद्यार्थी विचारतात, मॅडम, त्या जुन्या यंत्रावर हा आलेख इतका चांगला कसा आला? मी सांगते, शेजार चांगला होता.