ओमेरची छाती

ओमेर देलबार आठवडाभर उत्तर फ्रान्समधल्या लाँसजवळच्या खाणीत कोळसा फोडायचा आणि रविवारी वस्तीतल्या गुत्त्यात अकॉर्डियन वाजवायचा. लग्न असो, जत्रा असो, ओमेर हवाच. युद्धानंतरच्या मोठ्या संपात तर तो शिपायांच्या नाकासमोर उभा राहून वाजवत होता. मग्रूर होता, आणि ते त्याला शोभायचं.

पन्नाशीच्या आतच त्याला धाप लागायला लागली. छातीत खाणीची धूळ बसली होती. हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं, कंपनीच्या डॉक्टरला मात्र कळत नव्हतं.

"रविवारी नाचाला वाजवता म्हणे?"

"वाजवतो."

"मग छाती ठणठणीत आहे. एवढा भाता हलवायला दम लागतो."

"तो हाताने ओढतात, डॉक्टरसाहेब. फुंकत नाहीत."

धुळीच्या आजाराची पेन्शन डॉक्टरने नाकारली. वसंतात पुन्हा तपासू म्हणाला.

बायकोने, झुल्माने, अकॉर्डियन कपाटावर चढवलं. "तोवर हात लावलास तर बोटं मोडीन. पेन्शनशिवाय मेलास तर कंपनी हे घर काढून घेईल. मी कुठे जाऊ?"

"तुझी बहीण आहे की."

"तिच्यापेक्षा रस्ता बरा."

हिवाळाभर ओमेरने अकॉर्डियनला हात लावला नाही. मग काझिक गेला. पोलिश गडी, खाणीतला त्याचा जोडीदार, त्याच धुळीने मेला. आमच्याकडे माती देऊन झाली की सगळे गुत्त्यात जमतात आणि गेलेल्याचा आवडता नाच वाजतो. तो वाजला नाही तर माणसाला कुत्र्यासारखं पुरलं असं होतं. काझिकची विधवा नुसती ओमेरकडे बघत राहिली. दारात कंपनीचा पहारेकरीही उभा होता, आणि तो काही दुखवट्याला आला नव्हता.

"तो बघतोय," झुल्मा कुजबुजली.

"खुर्ची दे त्याला. बसून ऐकू दे."

ओमेरने काझिकच्या आवडत्या पोलिश नाचाची धून, मझुर्का, वाजवली. मध्ये मध्ये थांबून, भिंतीला डोकं टेकून, श्वास गोळा करत वाजवली. पहारेकऱ्याने कंपनीला ते थांबणं सांगितलं नाही. वाजवलं, एवढंच सांगितलं. वसंतात अर्ज पुन्हा फेटाळला गेला.

पुढच्या थंडीत ओमेरला आडवं होता येईना. खुर्चीतच झोपायचा.

"मेल्यावर मला फाडायला लाव," तो म्हणाला. "जिवंतपणी ऐकत नाहीत. फुप्फुसं हातात घेतली की विधवेला तरी नाही म्हणता येत नाही."

"मी तुला देवळात अख्खा नेणार."

"अख्खा नेशील तर घर जाईल, बये."

तो गेला तेव्हा पाद्री दारात आला. झुल्मा रोज प्रार्थना करणारी बाई. तिने त्याला ओट्यावरच थांबवलं. "आधी इस्पितळ, मग तुम्ही."

फुप्फुसं दगड झाली होती. सर्जनने तसं लेखी दिलं. आता ना कंपनी नाही म्हणू शकत होती, ना तिचा डॉक्टर. पेन्शनही मिळाली, घरही राहिलं.

त्याला परत आणलं तेव्हा पोतं शिवावं तशी छाती शिवलेली होती. झुल्माने सगळ्यांना बाहेर काढलं, त्याला रविवारचा सदरा घातला, गळ्यापर्यंत एकेक गुंडी लावली आणि मगच दार उघडलं.

"उचला," ती म्हणाली.