दोघांनी न घेतलेला कॅमेरा

जळगावचा उन्हाळा तुम्ही पाहिला नसेल तर आधी तो सांगतो. आमच्याकडे मे महिन्यात कावळा विजेच्या तारेवर बसत नाही, कारण बसला की त्याचं भरीत होतं. अशाच एका दुपारी माझ्या कॅमेऱ्यातलं रीळ वितळून शर्टाच्या खिशात ओघळलं, आणि धोब्याने शर्ट धुऊन वाळत घातला तेव्हा त्यावर माझ्या मेव्हण्याच्या लग्नाचं अख्खं वऱ्हाड उमटलेलं होतं, बँडवाल्यासकट. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. ही गोष्ट माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक वर्गाला पाठ होती. ती ऐकून खरा प्रश्न विचारणारा मात्र आयुष्यात एकच माणूस भेटला.

"मास्तर, धोब्याने फिक्सर टाकलं होतं का? फिक्सरशिवाय फोटो टिकत नाही ना भाई."

हा माझा मिस्त्री. धुळ्याला आग्रा रोडच्या मागे एका बोळात कॅमेरे दुरुस्त करायचा. दुकान केवढं, तर आत एक जण शिंकला की दुसऱ्याला बाहेर यावं लागे. चोपड्यापासून शिरपूरपर्यंत जेवढे म्हणून फोटो स्टुडिओ होते, त्या सगळ्यांचे कॅमेरे त्याच्या टेबलावर उघडे पडून गेलेले. शटर दाबल्याचा नुसता आवाज ऐकून तो सांगायचा, "साठाच्या वेगावर लावलंय, पण पन्नासनेच पळतंय." हे मी वाढवून सांगत नाही. बाकी सगळं वाढवून सांगतो, हे नाही.

माझ्याकडे एक जुना रशियन कॅमेरा होता. रेंजफाइंडर. म्हणजे काय, तर त्यात लेन्समधून बघायचंच नाही, वर एक छोटी खिडकी असते तिच्यातून बघायचं. तिथे एका माणसाचे दोन दिसतात, एक खरा आणि शेजारी त्याचं फिकट भूत. लेन्सची रिंग फिरवत फिरवत भूत माणसावर नेऊन बसवायचं. दोघं एक झाले की फोटो स्पष्ट. आता आमचे खानदेशातले रस्ते आणि आमची एसटी. पारोळ्याच्या पुढे एक गचका बसला की भूत सुटून चार बोटं बाजूला जायचं. मग मिस्त्री तो कॅमेरा गच्चीवर न्यायचा, दूरच्या पाण्याच्या टाकीवर रोखायचा आणि बारीक स्क्रू फिरवत राहायचा. भुताची टाकी खऱ्या टाकीवर बसली की म्हणायचा, "बसली. जा घरी."

घरी कोण जातंय? खरं काम तिथून पुढे सुरू व्हायचं.

ते काम म्हणजे निर्णय. रेंजफाइंडरमध्ये एक राजा आहे. परदेशात बनतो, कपाळावर लाल टिकली असते. किंमत अशी की तेवढ्यात यावलकडे केळीच्या बागेचा एक तुकडा यावा, आणि त्यात लेन्स नसते. लेन्स वेगळी घ्यायची, तिला पुन्हा तेवढेच पैसे. "घोडा एका दुकानात, पाय दुसऱ्या दुकानात," मिस्त्री म्हणायचा. तो कॅमेरा घ्यायचा की नाही, हे आम्ही महिन्याच्या शेवटच्या रविवारी ठरवायचो. अकरा वर्षं ठरवत होतो.

त्याची पद्धत होती. एका महिन्यात मी 'घ्यायचा' म्हणायचं आणि त्याने 'नको', पुढच्या महिन्यात उलट. त्याची बायको, आमची भाभी, वरच्या घरातून चहा पाठवायची. मी म्हणायचो, माणूस मरताना काय घेऊन जातो? तो म्हणायचा, कॅमेरा तर नक्कीच नाही नेत, मग कशाला घेतो? पुढच्या महिन्यात तोच मला म्हणायचा, "मास्तर, हयातभर भंगार हातात धरलंस, एकदा चांगली चीज धर." आणि मी त्याला जळगावच्या उन्हाची भीती घालायचो, की लाल टिकली वितळून नाकावर येईल.

लेन्सवरून मात्र आम्ही कधी बाजू बदलल्या नाहीत. मी पस्तीस एमएमचा, तो पन्नासचा.

"पस्तीसमध्ये सगळा बाजार येतो," मी म्हणायचो.

"बाजार कुणाला पाहिजे? पन्नासमध्ये एक माणूस येतो. नीट येतो."

"एकच माणूस बघायचा तर आरसा घे."

"तुझ्यासारखा माणूस आरशातही गर्दी करून उभा राहतो, मास्तर."

पुढे हातोहाती मोबाइल आले. स्टुडिओ एकेक करून झेरॉक्सची दुकानं झाले. मिस्त्रीच्या दुकानात आधी एका भिंतीवर मोबाइलची कव्हरं टांगली गेली, मग दुसरीवर. शेवटी शेवटी उघडलेला कॅमेरा म्हणजे माझाच. त्याला काही झालेलं नसलं तरी मी काहीतरी सांगून आणायचो, आणि त्याला काही झालेलं नाही हे माहीत असूनही मिस्त्री तो उघडायचा, पुसायचा, बंद करायचा. तीसच्या वेगावर शटर जरा अडखळायचं, तेवढं एक दुखणं खरं होतं. ते त्याने मुद्दाम पूर्ण बरं केलं नाही, असा मला संशय आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा पाय मोडला. यावलच्या जंगलात बिबट्याचा फोटो काढताना मोडला, असं मी सगळ्यांना सांगितलं. बाथरूममध्ये साबणावरून घसरलो होतो. प्लास्टर मांडीपर्यंत. आणि त्याच आठवड्यात भाभीचा फोन आला की मिस्त्रीला दवाखान्यात ठेवलंय, फुप्फुसात पाणी आहे, डॉक्टर नीट काही बोलत नाहीत.

नव्वद किलोमीटर. अख्ख्या आयुष्यात मी ते हजार वेळा गेलो असेन, आणि नेमका तेव्हा खाटेवरून मोरीपर्यंत जायला मला बायकोचा खांदा लागत होता.

रोज दुपारी फोन करायचो. त्याला दोन वाक्यांवर दम लागायचा, म्हणून मीच बोलायचो. बिबट्या सांगितला. तो हसला, खोकला. एकदा खोकला थांबेचना. मला भीती वाटली, आणि मला भीती वाटली म्हणजे मी खोटं बोलतो, लहानपणापासूनची खोड आहे.

मी म्हणालो, "मिस्त्री, घेतला."

"काय घेतला?"

"टिकलीवाला. काल आला. खोक्याचा वास अजून घरात आहे."

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. मग, "लेन्स?"

"पन्नास," मी म्हणालो. "तुझीच."

पुन्हा श्वास. मग तो म्हणाला, "आवाज ऐकव."

उशाशी जुना रशियन पडलेला होता. काय करणार? फोन त्याच्यापाशी धरला आणि दाबलं. खटॅक.

"वा," मिस्त्री म्हणाला. "मस्का. आता तीसवर लाव."

तीसवर लावलं. दाबलं. खट्‌... अक.

"हं. तीसवर जरा दम खातंय," तो म्हणाला. "चालवत राहा, मास्तर. बंद ठेवू नको. बंद ठेवलं की जाम होतं."

"ठेवणार नाही."

"आणि दुसऱ्या कुणाला उघडू देऊ नको."

फोन ठेवल्यावर मी बायकोकडे पाहून डोळा मारला. आयुष्यात त्याला पटलेली माझी पहिली थाप, म्हणून. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. पाचव्या दिवशी मिस्त्री गेला. आम्हाला कळलं तेव्हा माती देऊन लोक घरीसुद्धा परतले होते. माझं प्लास्टर निघायला तीन आठवडे बाकी होते.

त्यानंतर माझ्याकडे गोष्टी येईनात. लोक पारावर म्हणायचे, "मास्तर, तो बिबट्या सांगा ना," आणि मी म्हणायचो, साबण होता. असं वर्षभर. माणसं माझ्याजवळून उठून जायला लागली. शेवटी बायकोनेच एक दिवस बँकेचं पासबुक माझ्या ताटाशेजारी ठेवलं. ती माहेरची शिरपूरकडची, रागात आणि मायेत दोन्ही वेळा अहिराणीत बोलते.

"ली या तुमनी ती टिकलीवाली," ती म्हणाली. "वरीसभर तुम्ही एक बी खोटं बोलनात नही. माले करमत नही."

मलाही घ्यायचाच होता, आणि कारण दुसरंच होतं. मेलेल्या माणसाला मी एक खोटं देऊन पाठवलं होतं. ते खरं करायचं होतं. लाल टिकली, पन्नासची लेन्स, गळ्यात अडकवून धुळ्याला जायचं, कबरस्तानात उभं राहायचं आणि म्हणायचं, बघ, घेतला. उशीर झाला, पण घेतला.

जुना रशियन पिशवीत घेऊन मुंबईला गेलो. ते दुकान दवाखान्यासारखं गार आणि गप्प. बाहेरच्या गाड्यांचा आवाजही आत येत नव्हता. काउंटरवरच्या मुलीने पांढरे हातमोजे घालून कॅमेरा मखमलीवर ठेवला.

"लेन्स कोणती दाखवू सर? पस्तीस?"

"पन्नास," मी म्हणालो.

हातात घेतला. खोटं नाही सांगत, वजन असं की हातात घेतल्यावर माणूस सरळ उभा राहतो. खिडकीतून पाहिलं. त्या मुलीचं भूत रिंगच्या एका स्पर्शात तिच्यावर जाऊन बसलं, जसं कधी सुटलंच नव्हतं. मग दाबलं.

काही नाही.

मला वाटलं दाबलंच गेलं नाही. "चाललं का हो?" मी विचारलं.

"झाला ना सर क्लिक," ती हसून म्हणाली. "हीच तर खासियत आहे. आवाज येतच नाही."

कानाला लावून पुन्हा दाबलं. केळीच्या ओल्या खांबातून सुरी फिरावी तेवढाच. तीसवर लावलं, पुन्हा तेवढाच. कुठे अडखळणं नाही, दम खाणं नाही. हा आवाज काउंटरच्या पलीकडे पोचत नव्हता. आणि मी जळगावला, डोक्यावर पंखा खडखडत असताना, धुळ्याच्या दवाखान्यात पडलेल्या माणसाला फोनवरून 'ऐकवला' होता. त्या माणसाला, जो आवाजावरून शटरचा वेग सांगायचा. ज्याने ते तीसचं अडखळणं स्वतःच्या हातांनी वीस वेळा उघडून पाहिलं होतं.

दम खातंय, म्हणाला होता. चालवत राहा. दुसऱ्या कुणाला उघडू देऊ नको.

तो नव्या कॅमेऱ्याबद्दल बोलतच नव्हता. त्याला सगळं कळलं होतं. कदाचित मी 'पन्नास' म्हणालो तेव्हाच कळलं होतं, कारण मी हयात असेपर्यंत पन्नासला हो म्हणणार नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? श्वास पुरत नसताना त्याने तो खर्च करून मला 'वा' म्हटलं. मी त्याला खोटं देऊन पाठवलं नव्हतं. त्यानेच मला एक देऊन ठेवलं होतं, आणि मी ते वर्षभर खरं समजून वापरत होतो.

डोळ्यांत पाणी आलं, ते त्या मखमलीवर पडू नये म्हणून मागे सरलो.

"सर, पॅक करू?"

"आमच्या मिस्त्रीला विचारून सांगतो," मी म्हणालो.

"व्हिडिओ कॉल लावा ना सर, इथे रेंज चांगली आहे."

"त्याच्याकडे नाही," मी म्हणालो आणि बाहेर आलो.

घरी पोचलो. बायकोने रिकामे हात पाहिले. "मंग? काय झायं?"

मी बसलो, पाणी प्यायलो आणि सांगितलं. की दुकानाचा मालक स्वतः धावत आला, माझा जुना रशियन पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाला, मास्तर, हा आमच्याकडे द्या आणि टिकलीवाला फुकट न्या, दोन लेन्सही न्या, पस्तीस आणि पन्नास. मी म्हटलं, छे. तो मागे स्टेशनपर्यंत आला, गाडीच्या दांडीला लोंबकळला, त्याला कसाऱ्याला उतरवावं लागलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. "बठ्ठं खोटं शे," ती म्हणाली आणि ताटात भाकरी वाढली. तिचे डोळे मात्र माझ्यासारखेच ओले होते.

आता रोज सकाळी मी गच्चीवर जातो. आमच्याकडूनही एक पाण्याची टाकी दिसते. रशियन कॅमेरा सगळ्या वेगांवर एकेकदा चालवतो, जाम होऊ नये म्हणून. तीसवर तो दम खातो, मी थांबतो, तो पुढे जातो. मुंबईच्या प्रवासात कुठेतरी गचका बसला असावा, खिडकीत दोन टाक्या दिसतात. रिंग शेवटपर्यंत फिरवली तरी भुताची टाकी खऱ्या टाकीच्या शेजारी, बोटभर लांब उभी राहते. स्क्रू कुठला आहे ते मला माहीत आहे. इतक्या वेळा पाहिलंय.

दुसऱ्या कुणाला उघडू देऊ नको, म्हणाला होता. मीही उघडत नाही.