बॅरोनेटच्या वाट्याचा जिना

जर्मनीतल्या नेकारसुल्म गावी आमच्या वरच्या मजल्यावर एक बॅरोनेट राहतात. बॅरोनेट म्हणजे इंग्लंडात वडिलांकडून मुलाकडे येणारी ‘सर’ ही पदवी. सोबत जमीनजुमला येतोच असं नाही, हे त्यांच्या दोन खोल्यांवरून कळतं. तरुणपणी ब्रिटिश फौजेबरोबर जर्मनीत आले, कर्नल झाले, मायदेशी एकदा खासदारही झाले. मग जर्मन बायकोसाठी इथे कायमचे आले आणि ब्रेक्झिटनंतर जर्मन नागरिक झाले. बायको आता नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते नगरपरिषदेला उभे राहिले.

“हे जमलं नाही, तर उरलेलं आयुष्य टीव्हीसमोर,” मला म्हणाले.

प्रचाराचं नियोजन माझ्याकडे आलं, कारण इमारतीत याद्या करणारी मीच. घरं, वेळा, पत्रकं, सगळं तक्त्यात. पहिल्याच संध्याकाळी बावीसपैकी चौदा दारं उघडली आणि लगेच लागली.

शेवटी तळमजल्यावरच्या जर्मन आजींना कारण विचारलं. गल्ली त्यांचंच ऐकते.

“यांचा जिना भारतीय बाई झाडते,” आजी म्हणाल्या. “इंग्रजांना अजून नोकर लागतात!”

आमच्याकडे जिन्याची पाळी असते, केअरवोख. ज्याच्या दाराला पाळीची पाटी, त्याने आठवडाभर झाडायचं, पुसायचं, मग पाटी पुढच्या दाराला. मी तडक घरी गेले. पुण्याहून आलेल्या सासूबाई मटार सोलत होत्या.

“आई, वरच्या साहेबांचा जिना तुम्ही झाडता?”

“मग? म्हाताऱ्या माणसाला वाकताना बघत बसू?”

“तुमच्याहून दोनच वर्षांनी मोठे आहेत ते!”

“पुरुष आहेत गं. कोपरे सोडतात.”

साहेब स्वतः जिना पुसताना आजींना दिसावेत म्हणून मी शनिवारी सकाळी दहाची वेळ ठरवली. आजी तेव्हाच बाजारातून परततात. बॅरोनेट बादली घेऊन वरून निघाले. सासूबाईंना घरातच थांबायला बजावलं होतं. तिसऱ्या पायरीला त्या बाहेर.

“अहो, कोपरा राहिला! आणि फडकं पिळा आधी. फौजेत शिकवलं काय तुम्हाला?”

सगळं मराठीत, पण बोट रोखून. कर्नल क्षणभर ताठ उभे राहिले, मग तीन पायऱ्या परत चढले आणि कोपरा पुसला. सासूबाईंनी बोट फिरवून पाहिलं.

“परत.”

आजी पिशवी घेऊन खालीच थांबल्या होत्या. चौथ्या ‘परत’नंतर त्यांनी मला विचारलं, “यांच्यात नोकर नक्की कोण?”

“तुम्हीच सांगा.”

आजींनी बॅरोनेटकडे पत्रक मागितलं. ओल्या हातातलं नाकारलं, कोरडं घेतलं, वर गल्लीसाठी आणखी दहा.

ते निवडून आले, अगदी काठावर. पहिल्या बैठकीच्या सकाळी पाटी त्यांच्याच दाराला होती. ते टाय बांधत असतानाच सासूबाईंनी दार वाजवलं.