मोरीसेतनं गिळलेली आरोळी

मोरीसेत देलप्लांकनं उमेदीची वर्षं लोकरीच्या गिरणीत घालवली. गिरणी बंद पडली तशी शाळेच्या खानावळीत पळी हातात घेतली. साहेब कुठलाही असो, तिची मान कधी वाकली नाही. सामन्याच्या दिवशी मात्र ती गोलामागच्या स्टँडात, गळ्यात ढोल अडकवून उभी. फुटबॉलचा क्लब दुसऱ्या श्रेणीतला, कायम शेपटाकडं. पण रंग लाल-काळा, आजोबांच्या वेळचा.

नव्या मालकानं जाहीर केलं: पुढच्या हंगामापासून जर्सी निळी. का? तर त्याच्या कंपनीचा रंग निळा!

स्टँडनं ठरवलं, घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात मध्यंतरापर्यंत संप. फलक उलटा, ढोल बंद, तोंड बंद. जिंकलं तरच क्लब श्रेणीत टिकणार होता.

मालकाचा मॅनेजर जाळीपाशी आला. “मॅडम, आज तरी गा हो. पोरं खाली गेली तर पाप तुमच्या माथी.”

“रंग विकताना पाप नाही आठवलं? सरका, मैदान दिसत नाहीये.”

थोड्याच वेळात इदिर मेझियाननं गोल मारला. लहानपणी तिच्या खानावळीत बटाट्याचे तळलेले काप दोनदा मागून खाणारं पोर ते. गोल झाला की निवेदकानं नाव पुकारायचं आणि स्टँडनं आडनाव गर्जायचं, ही इथली रीत.

“इदिर!” भोंगा ओरडला.

कुणी हललं नाही.

“इदिर!”

ओठांवर आलेलं आडनाव मोरीसेतनं गिळलं. शेजारचा गिस्लँ कुजबुजला, “एकदाच गं. आपल्या पोराचा गोल आहे.”

“तोंड उघड, दात पाडते.”

इदिर जाळीपाशी धावत आला. “मावशी, माझं आडनाव विसरलात काय?”

“मध्यंतरानंतर कान फाटेस्तोवर ऐक. आत्ता पळ, खेळ!”

मध्यंतरानंतर तिनं खरंच ढोल फोडायचाच बाकी ठेवला. पण शेवटी शेवटी पाहुण्यांनी बरोबरी साधली. क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला.

बाहेर पडताना कुणीतरी ओरडलं, “तुमच्या संपानं बुडवलं!”

मोरीसेत गर्रकन वळली. “संप होता तेव्हा आपण पुढं होतो. बुडालो ते गाताना. आता बोल!”

ऑगस्टात नवा हंगाम लागला. दारात मॅनेजर फुकट निळे गळपट्टे वाटत होता. लाल-काळ्या जर्सीतल्या मोरीसेतनं एक उचलला, त्या गळपट्ट्यानं ढोलावरची धूळ नीट पुसली आणि तो परत मॅनेजरच्या हातात ठेवला.

“धुऊन ठेवा. पुढच्या सामन्याला लागेल.”