पाठ असलेलं बोलणं

बाबांची वाचा गेली त्या वर्षी मी स्पॅनिश चांगलं बोलायला शिकत होते. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण ऐकणारा बाबांचं राहू देतो आणि विचारतो, "मलकापुरात बसून स्पॅनिश कायले?" पोटासाठी, दुसरं कशाला! पुण्यात शिकले, तिथल्याच कंपनीत लागले, आणि घरून काम करायची मुभा मिळाली तशी लॅपटॉप उचलून गावी परत आले. दिवसभर स्पेनमधल्या ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची, हे माझं काम. आणखी एक कारण आहे. पुण्यात मी तोंड उघडलं की वर्गातल्या मुली एकमेकींकडे बघायच्या. "मले-तुले" कितीही गिळलं तरी माझा हेल लपायचा नाही. स्पॅनिशमध्ये मात्र मी कुठली, हे कुणालाच कळत नव्हतं. त्या भाषेत मी पहिल्यांदा मोकळेपणाने भांडायला शिकले.

वरच्या पातळीच्या परीक्षेसाठी मी एका बाईंची शिकवणी लावली. स्पेनमधल्या लहानशा गावातल्या निवृत्त शिक्षिका, स्वभावाने करड्या. आमच्याकडे दिवेलागण व्हायची तेव्हा त्यांचं दुपारचं जेवण उरकलेलं असायचं. पहिल्याच तासाला मी पर्यावरणावर घडाघडा बोलले. "एका बाजूने पाहता", "तज्ज्ञांच्या मते", "सारांश काय तर" अशी सगळी घोटलेली वाक्यं जागच्या जागी बसवली. बाईंनी चष्मा काढला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण हे मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून ऐकलंय. तू पाठ म्हणतेस. यात तुझं वाक्य कोणतं?"

मला असा राग आला! पैसे देऊन अपमान करून घ्यायची हौस कुणाला असते? पण त्यांनी तयार वाक्यांवर बंदीच घातली. रोज घरातलं काहीतरी बघायचं आणि सांगायचं. अडखळलं तरी चालेल, पण आपलं सांगायचं. पहिल्या दिवशी आमच्या अंगणातल्या कडुनिंबाबद्दल बोलताना मला घाम फुटला.

आणि मग बाबांना लकवा मारला.

माझे बाबा बोलण्यावर जगलेला माणूस. बाजार समितीत ते हर्रास बोलायचे. तुरीच्या, सोयाबीनच्या ढिगापुढे उभं राहायचं, भोवती व्यापारी, आणि बोली चढवत न्यायची. शेवटी "एक वार, दोन वार, तीन वार" म्हणून तळहातावर तळहात मारला की माल गेला. निवृत्त झाले तरी आवाज उतरला नाही. बाजारातून आले की फाटकातूनच आईला हाक मारायचे, "आयकलं काय वं?" गल्लीतल्या चार बायका ओ द्यायच्या आणि आई लाजून म्हणायची, "आता बहिरी होईन मी या माणसापायी."

अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात लुळा होता आणि शब्द गेलेले होते. समजत सगळं होतं. डोळे सगळं बोलायचे, तोंडातून मात्र "त... त..." एवढंच. आईने देवाधर्माचं कधी काही मागितलं नाही, आम्ही बुद्धाच्या घरचे. पण ती मला एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "मले दुसरं काही नाही पायजे वं. एकदा हाक मारली पायजे त्याइनं."

पौर्णिमेला शेजारपाजारचे आमच्याकडे वंदनेला आले. बाबांना उशीला टेकवून बसवलं होतं. सगळ्यांनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली आणि बाबाही म्हणायला लागले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुढे पंचशीलसुद्धा. इतरांपेक्षा जरा मागे, पण अक्षर न् अक्षर स्वच्छ. बायका म्हणता म्हणता थांबल्या. वंदना संपली तशी एकच गलका झाला. "बोलले न वं! बोलले!" शेजारची काकू आईला म्हणाली, "आवाज तं चांगला हाये. हट्ट करून राह्यले ते, दुसरं काही नाही." आईने खिरीचं पातेलं तिथेच ठेवलं आणि ती पदरात तोंड घालून रडली. मी पण रडले. बाबा मात्र सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते, हे काय चाललंय असं.

डॉक्टरांनी मला फोनवर समजावलं होतं की पाठ असलेलं येतं, मनातलं येत नाही, दोन्हींच्या वाटा वेगळ्या. मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण तिचं गणित वेगळं होतं. तिला वाटायचं की जीभ एकदा चालू झाली की तिच्यामागोमाग एखादा शब्द निसटून येईल. मग ती दिवसातून कितीदा तरी बाबांसमोर मांडी घालून बसायची. दोघं मिळून त्रिशरण म्हणायची, आणि शेवटचं अक्षर संपतं न संपतं तोच आई घाईघाईने विचारायची, "पाणी पायजे काय?"

बाबांचं तोंड उघडायचं. "त..."

"ठीक हाये, मंग पाहू," आई म्हणायची आणि पाणी आणायची.

मला ते बघवत नसे. एकदा ओरडलेच, "आई, नको ना असं पकडू त्यांना!" ती शांतपणे म्हणाली, "जीभ गरम हाये तवरच विचारा लागते, बाई." माझ्या शिकवणीतले धडेही मी बाबांवर चालवून पाहिलेच होते. चित्र दाखवायचं, पहिलं अक्षर द्यायचं, वाट बघायची. कपाचं चित्र तिसऱ्यांदा पुढे केलं तेव्हा बाबांनी ते डाव्या हाताने भिरकावून दिलं. तो राग मला ओळखीचा होता. कडुनिंबाच्या दिवशी मला तोच आला होता.

त्या दरम्यान बाईंनी विचारलं, "आज घरातलं काय सांगणार?" मी बाबांबद्दल सांगायला लागले; ते मागे खाटेवर पडून होते. त्रिशरण, आई, पाणी. काळ चुकले, शब्द सापडेनात, एका वाक्यात तीनदा थांबले. बाईंनी मध्ये एकदाही दुरुस्ती केली नाही. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "त्यांचा आवाज कसा होता?"

तो सांगून कळणारा नव्हता. मग मी लॅपटॉपसमोर उभी राहिले आणि बाबांसारखं पुकारलं, "बोला, बोला, बोला! तूर पाहा, दाणा पाहा! बोला शेठ, काऊन गप?" पुण्यात लपवलेला तो सगळा हेल पुरता मोकळा झाला. "एक वार... दोन वार..." आणि मी टाळीसाठी तळहात उचलला.

पाठीमागे ठाप्प असा आवाज झाला. मी वळले. बाबा खाटेवर उठून बसले होते. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता आणि त्यावर त्यांनी डावा हात मारला होता. तीन वार. माल गेला. ते माझ्याकडे बघत होते, ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि आई दारात उभी होती.

त्या दिवसानंतर आमचं तसं बोलणं बऱ्याचदा झालं. मी दोन वारापर्यंत यायचे, तिसरा त्यांचा. पण हाक आली नाही. हिवाळ्यात बाबा झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लोक बाबांबद्दल भरभरून बोलले. मला बोलायला उठवलं तेव्हा मी नुसती उभी राहिले आणि खाली बसले. त्याआधी परीक्षा झाली होती, मी पास झाले होते. ही व्यक्ती कोणत्याही विषयावर सहज बोलू शकते, असा त्या प्रमाणपत्राचा अर्थ आहे. बाबांचं सगळं मी ज्यांना सांगितलं त्या एकट्या बाईच, आणि त्यांनी मलकापूर नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं.

आता संध्याकाळी आई आणि मी दोघीच वंदनेला बसतो. त्रिशरण संपलं की आई सवयीने पुढे झुकते, समोरच्या रिकाम्या खाटेकडे. मग तोंड माझ्याकडे वळवते आणि विचारते,

"पाणी पायजे काय वं?"

तहान नसते. तरी मी मोठ्याने, फाटकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणते, "हाव माय, पायजे."