शंभर फोटोंचा नमुना

कारखान्याच्या खरेदी विभागात चौतीस वर्षं काढलेल्या या गृहस्थाला सगळे 'कोटेशन' म्हणायचे, आणि त्याला त्यात मान वाटायचा. यावरूनच काय ते ओळखा. फरशी पुसायचा मॉप घ्यायचा तरी तीन दुकानांचे भाव, मग तक्ता, मग खाली शेरा आणि सही. लग्नाआधी त्याने मुलींचाही तक्ता केला होता असं त्याची बायको सांगते, आणि ती थट्टेने सांगत नाही.

हा निवृत्त झाला त्याच वर्षी वडील गेले, आणि त्यांच्या मागे पत्र्याच्या चार डब्यांत निगेटिव्ह सापडल्या. म्हाताऱ्याला फोटोंचा भारी नाद. कोटेशनने त्या सगळ्या स्कॅन करून घेतल्या, चार हजार तीनशे फोटो निघाले. त्यांतली माणसं ओळखणारं आता एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे मागच्या खोलीत राहणारी आत्या. तिची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, वर्षभर दिसेल, पुढचं सांगता येत नाही.

आणि त्या ढिगात कुठेतरी कोटेशनची आई होती. तो दीड वर्षाचा असताना ती गेली. वडिलांनी तिचा फोटो कधी लावला नाही, विषयही काढू दिला नाही. साठी आली तरी या माणसाला आपल्या आईचा चेहरा माहीत नव्हता. "तिचा एकच आहे," आत्या म्हणाली होती. "पाच-सहा जणी भिंतीपाशी उभ्या आहेत. समोर आला की दाखवते."

आता काय करायला हवं होतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आत्याला खुर्चीत बसवायचं आणि फोटो पुढे सरकवत जायचं. पण छे, साहेबांना आधी सॉफ्टवेअर ठरवायचं होतं.

त्याचं म्हणणं असं, की नाव फोटोच्या फाइलमध्येच कोरलं गेलं पाहिजे. सॉफ्टवेअरने ते स्वतःच्या पोटात दडवून ठेवलं, तर उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं की नावंही गेली. म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत. असल्या माणसांचं म्हणणं कधीच चुकीचं नसतं.

पहिले शंभर फोटो त्याने नमुना म्हणून काढले. आत्या सांगणार, हा चेहऱ्याभोवती चौकट ओढून नाव लिहिणार, मग फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन बायकोच्या लॅपटॉपवर उघडणार आणि नाव सोबत आलं का ते बघणार. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये नाव आलंच नाही. दुसऱ्यात आलं, पण अक्षरांचे नुसते चौकोन होऊन. तिसऱ्याने भिंतीवरच्या घड्याळालाच माणूस ठरवलं आणि विचारलं, हे कोण? चौथं मात्र सगळ्यात पास झालं. तेव्हा हा शहाणा म्हणतो कसा, यादीत अजून सात आहेत, त्यांच्यावर अन्याय नको.

बरं, दर वेळी पाटी कोरी. आधीची नावं वापरायची नाहीत, कारण प्रत्येकाला किती मिनिटं लागतात ते मोजायचं होतं. म्हणजे तेच शंभर फोटो आणि तीच बिचारी आत्या. सातव्या खेपेला ती म्हणाली, "अरे, हा माझा मावसभाऊ. सहा वेळा सांगितलं तुला."

"सातव्यांदा सांग," कोटेशन घड्याळाकडे बघत म्हणाला.

"अहो, आधी सासूबाईंचा फोटो तरी शोधून घ्या," बायको म्हणाली. "नंबर मी वहीत लिहून ठेवते."

"क्रम मोडला की सगळा घोळ होतो. त्याही क्रमाने येतील."

आई क्रमाने येईल. असल्या तोंडापुढे बायकोने हात टेकले. तिला वाटायचं, हा मनातून घाबरतोय, आईला बघायचं धाडस होत नाहीये याला. ती मनाने चांगली आहे, म्हणून तिला असं वाटायचं. त्याला भीतीबिती काही नव्हती. रकाने भरले की त्याला बरं वाटायचं, ऑफिसात वाटायचं तसं, बस्स.

चौदाव्या महिन्यात अकरावं सॉफ्टवेअर संपलं. बावीस रकान्यांचा तक्ता छापून झाला, खाली सही झाली. निवड झाली चौथ्याची. सकाळी त्याने चार हजार तीनशे फोटो त्यात घातले, आणि एकेका माणसाचे चेहरे गोळा करून सॉफ्टवेअरने दुपारपर्यंत त्यांचे गठ्ठे लावून दिले. कोटेशन लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत गेला.

"आत्या, झालं. आता आईपासूनच सुरू करू."

आत्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली. पंधरा दिवसांपासून ती कपाच्या काठाला बोट लावून चहा ओतत होती. बायकोने ते त्याला दोनदा सांगितलं होतं, तेव्हा हा रकान्यांची रुंदी सारखी करत होता.

"मला दिसत नाही रे आता," आत्या म्हणाली.

"उजेड वाढवतो."

"वाढवून काय होणार?"

भिंतीपाशी उभ्या बायकांचे सतरा फोटो निघाले होते. तो वर्णन करायला लागला. एक उंच आहे, हात मागे घेतलेत. एकीने मान तिरकी केलीय. एक जण हसतेय, दात थोडे पुढे आहेत.

"उंच तर आम्ही सगळ्याच होतो," आत्या म्हणाली. "आणि तुझ्या बापापुढे उभं राहिलं की हसूच यायचं."

स्क्रीनवर चौकट उघडी होती, नावाची जागा रिकामी. कोटेशनने कीबोर्डवर बोटं ठेवली. "निदान नाव तरी सांग. मी टाकून ठेवतो."

"नाव तुलाही ठाऊक आहे," आत्या म्हणाली. "मला तिचा चेहरा दाखवायचा होता."