दंडामागची नस

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी मी एका सीनियरकडून हाडांचा संच वापरायला आणला होता. सक्करदऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत तो मांडण्याजोगी एकच जागा होती: बाबांची खाट. खांद्याचा फरा, त्याला लागून दंडाचे हाड, सारे क्रमाने. एका दुपारी मी कॉलेजात असताना बाबा कूलरसमोरच्या लाकडी खुर्चीत बसले, उजवा हात तिच्या पाठीवरून मागे टाकला आणि तसेच झोपी गेले.

मी परतले तेव्हा त्यांचा पंजा मनगटातून लोंबत होता. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. तो हात गेला तर सारेच गेले. शेजारच्या काकू आईला सांगत होत्या, "लकवा हाय हा. सावनेरकडे एक तेलवाला हाय, त्याच्याकडे न्या."

"बाबा, हसा जरा."

"आता हसू? तुह्या मायचं तोंड पाह्य आधी."

बोलणे स्वच्छ होते, ओठांची दोन्ही टोके सारखी. खांदा त्यांनी सहज उचलला. कोपर सरळ करत माझा हात असा ढकलला की मी मागे सरकले. फक्त मनगट वर येईना.

दंडाच्या मागे, हाडाला चिकटून, एक नस तिरकी खाली उतरते. कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्सला ती वरच फांद्या देते. मनगट उचलणाऱ्या स्नायूंना खाली, नंतर. म्हणजे बिघाड मधल्या वाटेवर होता, खुर्चीची कड रुतली तिथे. मेंदूत नसावा.

"तुले पक्कं मालूम हाय का वं?" आईने विचारले.

"नाही. म्हणून आत्ताच दवाखान्यात जाऊ."

रिक्षात मी बाबांना विचारले, "खाटेवर काहून नाही झोपले?"

"तुहे हाडं हालले असते ना."

डॉक्टरांनी तपासून तेच निदान केले, मनगटाला आधाराची पट्टी बांधली. नस दबली आहे, बहुतेक सुधारेल, म्हणाले. त्या 'बहुतेक'सोबत आम्ही कित्येक आठवडे राहिलो. बाबा डाव्या हाताने जेवत, सांडलेल्या वरणावरून आईची बोलणी खात. रोज संध्याकाळी मी पट्टी सोडून त्यांचा हात माझ्या तळव्यावर घेई. "उचला." काही हलत नसे.

मग एका संध्याकाळी मनगट किंचित वर आले आणि पडले. बाबांनी जोर लावताना डोळे मिटले होते. त्यांना कळलेच नाही.

"आजबी नाही ना?" त्यांनी विचारले.

"पुन्हा करा," मी म्हटले. "ह्या वेळी डोळे उघडे ठेवा."